परक्या नावाचे पैसे

सोनकांबळे मास्तर पहिल्यांदा माझ्या मेडिकलमध्ये आले, तेव्हा त्यांनी मला चोर समजलं होतं. तसं ते जगातल्या सगळ्यांनाच समजत, म्हणून मी मनाला लावून घेतलं नाही. खोटं कशाला बोलू, त्या दिवशी घेतलं. संध्याकाळपर्यंत मी फणफणत होते. पुढं सवय झाली.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, एसटीतले. आमच्याकडं कंडक्टरला मास्तरच म्हणतात. नोकरीत असतानाच त्यांनी अणदूरला घर बांधलं, ते नेमकं माझ्या दुकानासमोर. रक्तदाबाच्या गोळ्यांची पट्टी हातात दिली की आधी तारीख वाचायची, मग कंपनीचं नाव, मग कंपनीचा पत्ता.

"बद्दी म्हंजे कुठं आलं, ताई?"

"हिमाचलात."

"एवढ्या लांबून गोळी आणून इतक्या कमीत तुम्हाला परवडती?" असं म्हणून चष्म्यावरून माझ्याकडं बघायचे. परवडत नाही म्हणावं तर गोळी खोटी, परवडतं म्हणावं तर मी नफेखोर. काय बोलणार! बिल मात्र ते खालून वर वाचायचे. चूक नेहमी खाली लपून बसती, असं त्यांचं म्हणणं. माझ्या बिलात त्यांना कधी चूक सापडली नाही, आणि त्याबद्दलही त्यांना संशयच होता.

अंगकाठी शिडशिडीत, पांढरा इस्त्रीचा शर्ट, निवृत्तीनंतरही खिशाला दोन पेनं. गॅसवाला दारात आला की आधी वजनकाटा मागायचे. मीटर बघायला आलेल्या माणसाचं ओळखपत्र हातात घेऊन फोटो आणि चेहरा ताडून बघायचे, तो बिचारा उन्हात उभा. लग्नाची पत्रिका आली तरी पाठवणाऱ्याला फोन, "तुमीच पाठवली न्हवं?" आणि हे सगळं करताना तोंडात एकच शब्द, खातरजमा. "आपल्याला कुणावर आळ घ्यायचा न्हाय ताई. फकस्त खातरजमा."

ह्या खातरजमेचा प्रसाद आमच्या घरालाही मिळालाय. माझी नणंद सोलापूरला शिकायला होती. इथल्या आया सकाळच्या गाडीत लेकरांचे डबे ठेवायच्या आणि तिकडं लेकरं स्टँडवर येऊन घेऊन जायची. नियमात बसत नव्हतं, पण चालायचं. दुसरे कंडक्टर डबा सीटखाली सरकवून मोकळे व्हायचे. सोनकांबळे मास्तर डबा घेताना झाकण उघडून आत बघायचे, आणि तिकडं देताना लेकराला विचारायचे, "डब्यात काय हाय सांग." माझी नणंद म्हणाली, भाकरी आणि चटणी. डब्यात होते धपाटे. झालं! मास्तरांनी सोलापूरच्या स्टँडवरून मला फोन लावला.

"ताई, पोरगी भाकरी म्हणूलाली. डब्यात धपाटे हायत."

"अहो, तिनं अंदाजानं सांगितलं असेल!"

"अंदाजानं डबा द्यायचा नसतोय."

शेवटी तिनं आईचं माहेरचं आडनाव सांगितलं, ते मी फोनवर खरं करून दिलं, तेव्हा कुठं पोरीच्या पोटात घास गेला. ती आजही धपाटे बघितले की शिव्या देते.

सापडलेल्या सामानाबद्दल तर बोलायलाच नको. गाडीत काहीही राहिलं, छत्री असो की धान्याची पिशवी, मास्तर ते डेपोत जमा करून पावती घ्यायचे. एकदा खुद्द त्यांचा मेव्हणा बॅग विसरून नळदुर्गला उतरला. बॅग कुणाची हे मास्तरांना पक्कं माहीत, बॅगेत बहिणीसाठी आणलेली साडी आहे हेसुद्धा माहीत. तरी बॅग डेपोत गेली. मेव्हण्यानं येऊन, सही करून, ओळख पटवून ती सोडवून नेली आणि जाताना बहिणीच्या दारात न येता तसाच गेला. सुभद्राकाकू, म्हणजे मास्तरांची बायको, कितीतरी दिवस नवऱ्याशी बोलत नव्हत्या. मी विचारलं तर हसून म्हणाल्या, "काय करता? त्यांचा कुणावर विश्वास न्हाय. मग त्यांच्या वाटणीचा बी मीच ठिवते." खरंच ठेवायच्या. दारात आलेल्या कुणाही विक्रेतीला बसवून चहा द्यायच्या, आणि मास्तर आतून त्या बाईचं गाव विचारायचे.

एकुलती एक लेक, प्रज्ञा. नर्सिंग करून कुवेतला एका दवाखान्यात लागली. मास्तरांनी आयुष्यभराचं किडूकमिडूक तिच्या शिक्षणात आणि तिकडं पाठवण्यात घातलं होतं, त्यामुळं पेन्शन आणि ती पाठवायची ते, एवढ्यावर घर. ती तिकडल्या पैसे पाठवायच्या दुकानातून पाठवायची. फोनवर मेसेज यायचा, त्यात तिचं नाव असायचं. तो मेसेज मास्तर माझ्याकडून वाचून घ्यायचे, स्वतः वाचायचे, आणि मग लेकीला फोन.

"तूच पाठिवलीस का?"

"बाबा, दर महिन्याला मीच पाठवते!"

"बरं. खातरजमा केली."

तिच्या हसण्याचा आवाज माझ्या काउंटरपर्यंत यायचा.

आणि काकू पडल्या. न्हाणीत पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. सोलापूरला नेलं. सरकारी दवाखान्यात लवकर तारीख मिळेना, खासगीतल्या डॉक्टरांनी सांगितलं की लवकर ऑपरेशन करून खुब्यात नवा गोळा बसवला तर बाई पायावर उभी राहील, पडून राहिली तर अंग खराब व्हायला लागेल. भरायच्या रकमेचा कागद मास्तरांनी खालून वर दोनदा वाचला. प्रज्ञा म्हणाली, मी आजच पाठवते. पण तिच्या तिकडल्या ओळखपत्राची मुदत संपलेली. नवीन यायचं होतं, कधी येईल सांगता येत नव्हतं, आणि त्याशिवाय तिथलं दुकान पैसे घेईना. पोरगी पैसे हातात घेऊन बसलेली आणि आई इकडं कण्हतेय.

तेव्हा अमोल पुढं झाला. अमोल म्हणजे मास्तरांच्या भावाचा मुलगा, हायवेला मोबाईलचं दुकान. पोरगा वाईट नाही, हे आधीच सांगते, कारण पुढं गावानं त्याला फार बोल लावले. तो स्वतः त्या फोनमधल्या नाण्यांची थोडीफार देवाणघेवाण करायचा. त्याची योजना अशी की प्रज्ञानं तिथल्या मैत्रिणीला दिनार द्यायचे, मैत्रिणीनं अमोलच्या फोनवर नाणी पाठवायची, अमोलनं ती इथं कुणालातरी विकायची, आणि घेणाऱ्यानं रुपये थेट मास्तरांच्या खात्यात टाकायचे. ओळखपत्र नको, दुकान नको, आणि कापून घेणंही नावापुरतं. माझ्या काउंटरला टेकून तो हे सगळं मास्तरांना समजावत होता. मास्तर काकूंचे कपडे न्यायला सोलापूरहून आले होते, दाढी वाढलेली.

"हे नाणं हाय कुठं?" मास्तरांनी विचारलं.

"तात्या, ते एका जागी नसतंय. सगळ्या जगातल्या कॉम्प्युटरवर असतंय."

"सगळीकडं हाय म्हंजे कुठंच न्हाय. मालक कोण त्याचा?"

"मालक कुणीच न्हाय. तीच तर त्याची खुबी हाय!"

"मग तक्रार कुणाकडं करायची?"

अमोलनं माझ्याकडं बघितलं. मी गोळ्यांच्या खोक्याकडं बघितलं. मला तरी कुठं ठाऊक होतं? मला तेव्हाही त्यातलं अर्धं कळलं नाही, आणि जे कळलं ते पटलं नाही. अमोल म्हणाला, हे डॉलरला बांधलेलं नाणं आहे, ह्याचा भाव पडत नाही. बरं बाबा, न पडो. पण ज्याच्याकडं दाद मागायला माणूस नाही अशा ठिकाणी गरिबानं पैसे का ठेवावेत, एवढं मला कुणीतरी सांगावं.

मास्तर मात्र खंडोबावर गेले. आमच्या गावचा खंडोबा वर्षातले काही दिवस नळदुर्गला राहायला जातो, आणि त्याला नेताना-आणताना दोन्ही गावचे मानकरी लेखी करार करतात. "म्या काय त्या देवाला जात न्हाय," मास्तर म्हणाले. ते पक्के बुद्ध विहारात जाणारे. "पर त्यांची ही गोष्ट मला लई पटती. देव जरी झाला तरी इथून नळदुर्गला जाताना लिहून देऊन जातोय. अन् माझ्या पोरीची कमाई कुवेतहून अणदूरला येताना कुणीच काय लिहून देणार न्हाय?"

"तात्या, काकूचा पाय मोडलाय," अमोल म्हणाला.

मास्तरांनी काकूंच्या कपड्यांच्या पिशवीची गाठ सोडून परत बांधली. म्हणाले, "कर."

आणि खरं सांगायचं तर नाणी आली. चहा थंड व्हायच्या आत कुवेतहून अमोलच्या फोनवर आली. मी तोंडात बोट घातलं. माझ्या नवऱ्यानं पुण्याहून पाठवलेले पैसेसुद्धा कधीकधी बँकेचं सर्व्हर बंद म्हणून अडकतात! अमोलनं लगेच गिऱ्हाईक शोधलं, आणि मास्तरांच्या फोनवर पैसे जमा झाल्याचा मेसेज वाजला. रक्कम बरोबर होती. अमोलनं टाळी वाजवली. "चला तात्या, दुपारपर्यंत दवाखान्यात भरू!"

मास्तरांनी चष्मा पुसला. "नाव कुणाचं हाय?"

कुठल्याशा ट्रेडर्सचं नाव होतं. आमच्यापैकी कुणीच कधी ऐकलेलं नाही असं.

"तो नाणी घेणारा, तात्या. त्याचंच नाव येणार की."

"त्याला तू वळखतोस?"

"न्हाय."

"त्यानं तुला बघितलंय?"

"ॲपवर तसंच असतंय. कुणी कुणाला बघत न्हाय."

"अन् त्याच्याकडं हे पैसे कुठून आले?"

अमोल परत फोन चाळायला लागला. मला राहवेना. "मास्तर, काकू तिकडं तळमळतायत! आधी भरा, मग काय खातरजमा करायची ती करत बसा!"

मास्तर माझ्याकडं वळले. चिडलेले नव्हते. "ताई, ही सीटवर सापडलेली पिशवी हाय. माझ्या खात्यात पडली म्हणून माझी व्हत न्हाय."

आणि तो माणूस उठला, पिशवी खांद्याला लावली, आणि सरळ बँकेत गेला. अर्ज लिहून दिला की माझ्या खात्यात अनोळखी इसमाचे पैसे आले आहेत, ते माझे नाहीत, ज्याचे असतील त्याला द्यावेत. मॅनेजरनंही असला अर्ज कधी बघितला नसावा. त्यानं घाबरून ती रक्कम अडकवून ठेवली आणि वर कळवलं. मास्तरांनी अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का घेतला आणि सोलापूरची गाडी पकडली. रिकाम्या हातानं.

त्या दिवशी मी त्यांच्यावर जेवढी संतापले तेवढी नवऱ्यावरसुद्धा कधी संतापले नाही. म्हटलं, हा माणूस आहे की दगड! अमोल तर माझ्या दुकानाच्या पायरीवर डोकं धरून बसला. संध्याकाळी मी जेवणाचा डबा घेऊन सोलापूरला गेले तर वॉर्डबाहेर प्रज्ञाचा व्हिडिओ कॉल चालू होता. पोरगी ओक्साबोक्शी रडत होती.

"बाबा, तुम्ही गप्प बसला असता तर उद्या आईचं ऑपरेशन झालं असतं! मग पुढं काही भानगड निघून ते खातं बंद पडलं असतं तरी चाललं असतं मला!"

"अन् ज्याचे पैसे हायत, त्याच्या घरी कुणाचं ऑपरेशन असलं तर?"

"ते कुणाचे नसतील! तुम्हाला काय माहीत?"

"मला म्हाईत न्हाय. तेच तर सांगूलालाव."

तिनं फोन ठेवून दिला. मास्तर फोनच्या काळ्या पडद्याकडं बघत उभे होते. मी डबा त्यांच्या हातात दिला तर तो उघडूनसुद्धा बघितला नाही. तेव्हा माझा राग निम्मा उतरला. निम्माच.

पुढचे दिवस वाईट गेले. प्रज्ञाचं ओळखपत्र आलं, तिनं तिथल्या दवाखान्यातून पगाराची उचल घेतली, आणि तिच्या स्वतःच्या नावानं, नेहमीच्या दुकानातून पैसे आले. ऑपरेशन झालं. पण तोवर काकूंच्या पाठीला फोड आले होते, अंगात ताप मुरला होता. गोळा बसला तरी पाय आखूड राहिला. लवकर झालं असतं तर राहिला नसता का, हे मी डॉक्टरांना दोनदा विचारलं. डॉक्टर म्हणाले, वय आहे, सांगता येत नाही. डॉक्टरांचं हे सांगता येत नाही मला चांगलं कळतं. मी रोज गोळ्या विकते.

त्यानंतर पत्र आलं. परराज्यातल्या पोलिसांचं. कुणा निवृत्त म्हाताऱ्याला फोनवरून अटकेची भीती घालून लुबाडलं होतं, आणि ते पैसे ज्या ज्या खात्यांतून फिरले त्यांत मास्तरांचं एक होतं. अर्ज आधीच दिलेला असल्यामुळं मास्तरांना कुणी फारसं छळलं नाही. रक्कम त्या म्हाताऱ्याला परत गेली. अमोलनं त्याच गिऱ्हाइकाला स्वतःची काही नाणी आधी विकली होती, म्हणून त्याचं दुकानाचं खातं गोठवलं. बिचारा किती महिने त्या परराज्यातल्या पोलीस ठाण्यात रेल्वेनं हेलपाटे घालत होता. आणि प्रज्ञाची नाणी? ती घेणारा ट्रेडर्सवाला म्हणजे तो चोरच, नाणी त्याच्याकडं गेली. म्हाताऱ्याला त्याचे पैसे मिळाले, चोराला नाणी मिळाली, मधल्यामधी आमच्या पोरीची कमाई बुडाली. तक्रार कुणाकडं करायची, ह्याचं उत्तर अमोलला तोवरही सापडलं नव्हतं.

गावात मात्र मास्तरांचा बोलबाला झाला. जो तो म्हणायला लागला, मास्तरांना आधीच वास आला होता, मास्तरांना कोण फसवणार! विहारात त्यांना शाल घालायचं ठरलं. मास्तरांनी शाल घेतली नाही. घरी नेऊन दिली तर म्हणाले, "घडी मोडू नका. परत न्या."

काकू घरी आल्यावर मी रोज त्यांना इंजेक्शन द्यायला जायची. एक दिवस मीही मूर्खासारखं बोलून गेले, "काकू, काही म्हणा, मास्तरांनी बरोबर केलं."

काकू खिडकीकडं बघत होत्या. "व्हय. बरोबरच केलं. परक्याचे पैसे होते. म्या बी म्हणले असते, परत करा. पडून राहीन म्या, पर परत करा." मग त्यांनी पांघरूण नीट केलं. "पर पाय माझा हुता, ताई. म्या तिथं सोलापुरात जिती पडलेली हुते. फोन हुता उशाला. अख्ख्या जगाला इचारत फिरत्यात, तू कोण, तुझं गाव कुठलं, हे तुझंच का. मला यवढं बी इचारलं न्हाय, की सुभद्रा, काय करू?"

त्यांचा आवाज चढला नव्हता. मी वळून बघितलं तर मास्तर दारात चहाचे कप घेऊन उभे होते. त्यांनी ते तसेच खाली जमिनीवर ठेवले आणि बाहेर अंगणात जाऊन बसले. मी निघाले तेव्हा त्यांनी मान वर केली नाही. मला त्यांची कीव आली, आणि काकू खरं बोलल्या हेही कळत होतं. दोन्ही एकदम पोटात घेऊन मी रस्ता ओलांडला.

मास्तर गेले त्याला आता वर्ष होत आलं. छातीत कळ आली आणि सोलापूरला नेईपर्यंत संपलं. प्रज्ञा आली होती, बापाच्या पायाशी बसून होती.

त्यांना मी शेवटचं नीट बघितलं ते त्याआधी महिनाभर. दिवस मावळला होता. काकू वॉकर घेऊन गल्लीत चालायला निघाल्या होत्या, आणि मास्तर एक पाऊल मागं, हात पुढं करून, पण न धरता. नळाच्या खड्ड्याशी काकू थांबल्या. पूर्वीचे मास्तर असते तर खड्डा केव्हा खणला, कुणी खणला, कुणाच्या परवानगीनं, ह्याची चौकशी तिथंच सुरू झाली असती. त्यांनी खड्ड्याकडं बघितलंसुद्धा नाही.

"सुभद्रा, पुढं जायचं का माघारी?"

काकूंनी खड्ड्याच्या पलीकडं बघितलं, अलीकडं बघितलं. "थांबा जरा," त्या म्हणाल्या. "इचार करू द्या."

मास्तर थांबले. मी हिशेब आवरला, दिवा मालवला, शटर ओढून कुलूप लावलं, तरी ते दोघं तिथंच उभे होते. काकू विचार करत होत्या, आणि मास्तर त्यांच्या तोंडाकडं बघत होते.